बेसाल्टच्या रानात तार ओढताना: विद्युत सर्वेक्षणाच्या फील्ड कॅम्पची आमची पद्धत

भूभौतिकीच्या एमएस्सीला दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत दहा दिवसांचा फील्ड कॅम्प असतो. आमचा पट्टा ठरलेला आहे: पुरंदरच्या पूर्वेचा, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातला कमी पावसाचा भाग. काम वरवर साधं. जमिनीत दोन ठिकाणी विद्युत प्रवाह सोडायचा, दुसऱ्या दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरून खालच्या थरांची जाडी आणि जात ओळखायची. या कामात एक नियम मी कोणासाठीच सैल करत नाही. प्रत्येक रीडिंग त्याच जागी, पुढचा गज ठोकण्याआधी, आलेखावर मांडायचं. रीळ गुंडाळून गाडीत ठेवल्यावर चूक सापडली तर उपयोग नसतो. खोलीवर बसून ती फक्त झाकता येते.

कॅम्पच्या आधी तीन आठवडे वर्गात तयारी चालते. मुलांच्या डोक्यात ओहमचा नियम तारेपुरता असतो: एवढी लांबी, एवढी जाडी, एवढा रोध. जमिनीत गज ठोकला की प्रवाह एका रेषेत न जाता अर्ध्या गोलासारखा, उपड्या घुमटाच्या आकारात सगळीकडे पसरतो. म्हणून क्षेत्रफळ २πr² येतं आणि व्होल्टेज अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं. हे फळ्यावर सिद्ध करायला वीस मिनिटं लागतात, पण पटत नाही. त्यासाठी प्लॅस्टिकचा टब लागतो. साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, त्यात १५ सेंटिमीटर नळाचं पाणी. लाकडी पट्टीवर समान अंतरानं चार खिळे, फक्त टोकं पाण्याला टेकलेली. खिळ्यांतलं अंतर २ सेंटिमीटर असताना जो रोधांक (आकारावर न अवलंबणारा, पदार्थाचा स्वतःचा विद्युत रोध) येतो तो ३ आणि ४ सेंटिमीटरला जवळपास तसाच राहतो. १० सेंटिमीटरला मात्र आकडा चढलेला असतो. पाणी तेच, मीठ तेवढंच, मग रोधांक का वाढला? कारण टबाच्या भिंती आणि तळ प्रवाह जाऊ देत नाहीत, तो पाण्यातच कोंडला जातो. मुलांनी हे स्वतःच्या आकड्यांत पाहिलं की दोन गोष्टी एकदम कळतात. एक, आपण मोजतो तो 'भासमान' रोधांक, खडकाचा खरा नव्हे. दुसरी, बाजूला काहीही असलं तरी ते खालीच आहे असं वाटू शकतं. पुढे शेतात प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं लाइनच्या कडेला आलं की हाच टब आठवतो.

जागा निवडणं हे निम्मं काम. आम्ही श्लुंबर्जे रचना वापरतो. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना मोजमापाचे गज एम आणि एन जवळ ठेवायचे आणि प्रवाहाचे गज ए आणि बी टप्प्याटप्प्यानं दूर न्यायचे. शेवटी एबी २०० मीटर होतं, म्हणजे तेवढी सरळ, मोकळी पट्टी लागते. डिसेंबरात शाळू उभा असतो, हरभरा असतो, पिकातून तार नेता येत नाही. बांध, पडीक रान किंवा गाडीवाट बघावी लागते. मे महिन्यात रानं मोकळी असतात, पण तेव्हा काळ्या मातीला हातभर भेगा पडतात आणि गज भेगेत गेला की त्याला मातीचा स्पर्शच होत नाही. म्हणून थंडीच बरी. उतारावर लाइन समपातळीनं घ्यायची, चढ-उताराच्या दिशेनं नाही. विहिरीपासून, लोखंडी पाइपलाइनपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब राहायचं. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन जवळपास आहे का, ते आधी विचारायचं आणि काम होईपर्यंत बंद ठेवायची विनंती करायची. त्याचे ठोके रीडिंगमध्ये येतात, आणि कुंपणाची तार आपल्या तारेला लागली तर धोकाही आहे.

शेतकऱ्याची परवानगी तोंडी असली तरी चालते, पण ती आदल्या दिवशी घ्यायची. विद्यार्थ्यांना मी सांगतो, "नमस्कार काका" म्हणून आधी विहीर दाखवा म्हणायचं. मशीनचं नंतर. विहिरीच्या कडेला उभं राहिलं की वरची माती किती, मुरूम कुठवर, मांजऱ्या खडक (मऊसर, छिद्रांचा बेसाल्ट) कुठं, काळा पाषाण (घट्ट बेसाल्ट) कुठं लागला, तांबडा गेरूचा थर आहे का, पाण्याची पातळी किती, हे सगळं दिसतं. ते मीटरमध्ये वहीत उतरवायचं. हा उभा छेद पुढे सोन्याच्या किमतीचा ठरतो, त्याबद्दल खाली लिहितो.

साहित्य ठरलेलं: रोधांकमापक यंत्र, १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी आणि एक जादा, स्टेनलेस स्टीलचे ६० सेंटिमीटरचे चार गज आणि दोन जादा, चार हातोडे, कडक मुरमासाठी एक पहार, प्रवाहाच्या तारेची दोन मोठी रिळं, मोजमापाची दोन छोटी, १०० मीटरचे दोन टेप, पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणि किलोभर मीठ, इन्सुलेशन टेप, पक्कड, रिळाखाली ठेवायला गोणपाट, दुहेरी लॉग कागद (दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचं प्रमाण असलेला), पेन्सिल, खोडरबर. सहा जणांची एक तुकडी. ए आणि बी गजांवर दोन-दोन जण, यंत्रावर एक, आलेखावर एक. आलेखावरचा विद्यार्थी तुकडीचा प्रमुख असतो. तो "थांबा" म्हणाला तर काम थांबतं, मग यंत्रावर मी बसलेलो असलो तरी.

सकाळी दव वाळेपर्यंत, म्हणजे नऊच्या आत, लाइन सुरू करत नाही. एबीच्या निम्म्या अंतराचे टप्पे असे: २.५, ३, ४, ५, ६, ८, १०, १५, २०, २५, ३०, ४०, ५०, ६०, ८०, १०० मीटर. आकडे सारख्या अंतरानं वाढत नाहीत कारण आलेख लॉगचा आहे, त्यावर बिंदू साधारण सारखे पसरले पाहिजेत. एमएन सुरुवातीला १ मीटर. एबी हे एमएनच्या किमान पाचपट असावं, ही अट पहिल्याच टप्प्याला जेमतेम पुरी होते. गज किती खोल ठोकायचा यालाही हिशेब आहे. तो बिंदूसारखा वागावा म्हणून खोली अंतराच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नको. २.५ मीटरला म्हणजे १२ सेंटिमीटर. उत्साहात अर्धा गज आत घातला की पहिले तीन बिंदू बिघडतात.

रीडिंग घेण्याचा क्रम: दोन्ही टोकांची मुलं गजापासून दोन पावलं मागे सरून हात वर करतात. यंत्रावरचा मोठ्यानं "करंट" म्हणतो आणि मगच बटण दाबतो. तारेत तीनशे-चारशे व्होल्ट असू शकतात. गुरं, कुत्री, बघायला आलेली लहान मुलं यांच्यासाठी टोकावरचा दुसरा माणूस असतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर तार सोडून द्यायची, गुंडाळतही बसायचं नाही.

यंत्र प्रवाहाची दिशा आलटून-पालटून बदलतं, त्यामुळे जमिनीत मुळातच असलेलं व्होल्टेज आणि गजांवर साचणारा परिणाम वजा होतो. चार आवर्तनांची सरासरी पुरते. आकडे दोन-तीन टक्क्यांहून जास्त हलत असतील तर सोळा घ्यायची. आलेला रोध भूमितीय गुणकानं गुणला की भासमान रोधांक मिळतो. गुणक म्हणजे π × (एबीच्या निम्म्याचा वर्ग वजा एमएनच्या निम्म्याचा वर्ग) भागिले एमएन. तक्ता छापलेला असतो, तरी पहिल्या दिवशी प्रत्येकानं तो हातानं काढायचा.

आता एमएन का वाढवायचं ते आकड्यांत पाहा. निम्मं एबी २५ मीटर, एमएन १ मीटर: गुणक १९६३. जमिनीचा रोधांक ४५ ओहम-मीटर धरला आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडला तर मोजायला मिळतात फक्त २.३ मिलिव्होल्ट. आजूबाजूच्या मोटारींचा गोंगाट कधीकधी याहून मोठा असतो. त्याच जागी एमएन १० मीटर केलं की गुणक १८८.५ होतो आणि व्होल्टेज २४ मिलिव्होल्टच्या जवळ जातं. म्हणून २५ आणि ३० मीटरला दोन्ही एमएननं रीडिंग घ्यायची. या दुहेरी बिंदूंवर अर्ध्याहून अधिक चुका पकडल्या जातात.

दुसरी रेघ पहिलीच्या नेमकी दुप्पट किंवा निम्मी आली तर चूक हिशेबातली: गुणकात एमएनच्या जागी त्याचं निम्मं घातलं गेलं. फरक दहा-पंधरा टक्के असेल तर एम-एनच्या जवळची जमीन वेगळी आहे, एखादा दगड, चुनखडीचा पुंजका, ठिबकनं भिजलेली पट्टी. तिथं पूर्ण तुकडा वर-खाली सरकवून जोडता येतो. फरक वाटेल तसा असेल तर गज हलवून पुन्हा मोजायचं, जोडायचा प्रयत्नच करायचा नाही.

दुसरी खूण चढाची. आडव्या थरांवर लॉग कागदावरची वक्ररेषा ४५ अंशांपेक्षा तीव्र चढूच शकत नाही, खाली कितीही कठीण खडक असो. ती तशी चढली तर एक तर बाजूला काही आहे, किंवा तारेतून प्रवाह गळतोय. गळती तपासायची पद्धत सोपी: ए गजावरून तार काढून कोरड्या हवेत अधांतरी ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि यंत्रावरून प्रवाह सोडायचा. मीटरनं शून्य दाखवलं पाहिजे. शून्य नसेल तर प्रवाह कुठून तरी जमिनीत उतरतोय. नव्वद टक्के वेळा जागा सापडते ती रिळाखाली किंवा जुन्या जोडापाशी. दवानं ओल्या गवतावर रीळ टेकलेलं असतं आणि आतल्या वेढ्यांत तार सोललेली असते. गोणपाट त्यासाठीच नेतो. गाडीवाटेवर ट्रॅक्टरचं चाक तारेवरून गेलं की तो मीटरभर भाग बोटांनी तपासायचा, प्रवाह बंद ठेवून.

प्रवाह कमीच जातोय, ही रोजची तक्रार. कोरड्या मुरमात गजाचा स्पर्श खराब असतो. पहारीनं भोक पाडून गज ठोकायचा, बुडाशी ओंजळभर मिठाचं पाणी ओतायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. आधी पाण्याचा बुडबुडा येतो, मग माती गडद होते आणि गजाच्या भोवतीची फट बुजते. त्यानंतरच रीडिंग. २० मिलिअँपिअरचे ८० होताना मुलं पाहतात तेव्हा त्यांना पाण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तरी कमी असेल तर फूटभर अंतरावर, लाइनला काटकोनात, दुसरा गज ठोकून दोन्ही एकत्र जोडायचे. एम-एनच्या गजांना मात्र मिठाचं पाणी घालत नाही. तिथं साधं पाणी, आणि तेही दोन्हीकडे सारखं. नाहीतर गजांचंच व्होल्टेज बराच वेळ सरकत राहतं.

मोटारींचा गोंगाट हा आपल्या गावांचा खास प्रश्न. थ्री फेज लाइट आली की पंप सुरू होतात आणि अर्थिंगमधून प्रवाह जमिनीत उतरतो. म्हणून गावात गेल्या गेल्या विचारायचं, या आठवड्यात पाळी दिवसाची की रात्रीची? दिवसाची असेल तर ८० आणि १०० मीटरची लांबची रीडिंग लाइट यायच्या आधी उरकायची, जवळची नंतर घेतली तरी चालतात. याच कारणामुळे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला न्यावं लागलं होतं. शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. हे मी वर्गात आवर्जून सांगतो. गोंगाट आला की यंत्राला दोष देण्याआधी गोंगाटाचं मूळ शोधायची आणि त्याच्यापासून लांब जायची सवय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

संध्याकाळी खोलीवर अर्थ लावणं सुरू होतं. आधी कागदावर, प्रमाणित (माहीत असलेल्या थरांसाठी आधीच काढलेल्या) वक्ररेषा ठेवून. संगणक त्यानंतर. आमच्या पट्ट्यात साधारण आकडे असे: ओली काळी माती ५ ते १० ओहम-मीटर, भिजलेला मुरूम आणि कुजका खडक २० ते ४०, भेगाळ किंवा सच्छिद्र मांजऱ्या ४० ते ७०, अखंड काळा पाषाण १०० च्या पुढे कितीही. संगणकाचं सॉफ्टवेअर एका मिनिटात सुंदर मॉडेल देतं, चूक दीड टक्का दाखवतं, आणि विद्यार्थी तिथंच थांबतात. इथं मी त्यांना एक उदाहरण सोडवायला देतो. वर ४ मीटर कोरडा मुरूम ८० ओहम-मीटरचा, खाली २०० चा पाषाण, मध्ये एक कमी रोधांकाचा थर. तो ३ मीटर जाड आणि १० ओहम-मीटरचा असेल, किंवा ६ मीटर जाड आणि २० चा असेल, तरी वक्ररेषा जवळपास तीच येते. कारण अशा थराची जाडी भागिले रोधांक, इथं ०.३, एवढीच गोष्ट वक्ररेषेतून नक्की कळते. पहिला अर्थ लावला तर तो चिकणमातीचा थर, पाणी धरतो पण सोडत नाही. दुसरा लावला तर भिजलेला कुजका खडक, विहिरीला झरे देणारा. निवड कशी करायची? आदल्या दिवशी काकांच्या विहिरीत पाहिलेल्या छेदावरून. संगणकाकडे तो छेद नसतो.

दुसरी मर्यादा खोलीची. निम्मं एबी १०० मीटर म्हणजे १०० मीटर खोल दिसलं, असं पुष्कळ जण अहवालात बिनधास्त लिहितात. ते चूक आहे. साधारण हिशेबानं एबीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ४० ते ५० मीटर, आणि तेही थरांवर अवलंबून. ६० मीटरवरचा दोन मीटरचा सच्छिद्र थर, वर-खाली अखंड पाषाण असताना, या वक्ररेषेत दिसतच नाही. ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या, तळाचं तर नावच नको. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, आणि कोयनेकडे ती ९०० मीटरच्या पुढे जाते.

म्हणून शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागतात. प्रश्न नेहमी फुटांत असतो: "सर, पाणी किती फुटावर हाय?" उत्तर असं द्यायचं: "दादा, आम्ही पाणी मोजत नाही, खडक मोजतो. इथं साठ फुटांपर्यंत कुजका खडक आहे असं दिसतंय, तो पावसाळ्यात भरतो. विहिरीला जागा बरी आहे. तीनशे फुटांच्या बोअरबद्दल या मोजणीवरून मला सांगता येणार नाही." पाणाड्याचं उत्तर याहून ठाम असतं आणि माणसाला ठाम उत्तर हवं असतं, हे खरं आहे. पण बोअरचा खर्च त्याच्या खिशातून जातो. ज्याचा आकडा आपल्या आलेखावर नाही ते बोलायचं नाही, हे विद्यार्थ्यांकडून मी पाठ करून घेतो.

दोन दिवस चुंबकीय सर्वेक्षणाला देतो, मुख्यतः डाइक, म्हणजे खडकात शिरलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, शोधण्यासाठी. यंत्राच्या संवेदकात रॉकेल असतं, त्यातले प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरतात त्या गतीवरून क्षेत्र मोजलं जातं, आपल्याकडे साधारण ४३ हजार नॅनोटेस्ला. मोबाइल, किल्ल्या, बेल्टचं बक्कल गाडीत. तासाभरानं मूळ ठिकाणी परत येऊन रीडिंग घ्यायचं, कारण क्षेत्र दिवसभरात स्वतःच काही दशक नॅनोटेस्लांनी हलतं. ज्या गटानं हे परतीचं रीडिंग टाळलं त्याची पूर्ण लाइन बाद करतो.

कॅम्प उभा राहतो तो कागदांवर, त्यामुळे त्याबद्दलही थोडं. जुलैमध्येच अभ्यास मंडळानं ठरवलेल्या क्रेडिटनुसार तारखा वेळापत्रकात घालून घ्याव्या लागतात, नाहीतर अंतर्गत परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात येते. सप्टेंबरात आगाऊ रकमेचा अर्ज, पालकांची संमतीपत्रं, विमा, ग्रामपंचायतीला पत्र, मुलींच्या मुक्कामाची वेगळी सोय आणि सोबत एक शिक्षिका. यंत्राची दुरुस्ती निघाली तर तीन कोटेशनं लागतात आणि दोन महिने जातात, म्हणून यंत्र एप्रिलमध्येच, माहीत असलेल्या रोधांवर तपासायचं: ०.१, १ आणि १० ओहम. हे तीन रोध डब्यात बसवून ठेवलेत, त्यांची किंमत नगण्य आहे. कॅम्पवरून आल्यावर तारा पुसून, उन्हात वाळवून, मगच डेड स्टॉक रजिस्टरला जमा. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा, नाहीतर ती पुढच्या डिसेंबरात मेलेली असते.

प्रात्यक्षिक परीक्षेत मी तयार आकडे देत नाही. प्रत्येकाला खऱ्या लाइनची सोळा रीडिंग देतो. त्यातलं एक गुणकाच्या चुकीचं, एक गळतीचं, बाकी चांगली. वक्ररेषा जुळवण्याला निम्मे गुण, बाद बिंदू ओळखून कारण लिहिण्याला निम्मे. सगळे बिंदू गुळगुळीत रेषेत आणून दाखवणाऱ्याला दुसऱ्या भागात शून्य मिळतं. सुरुवातीला यावर नाराजी होते, पण प्रबंधाच्या वेळी हीच मुलं आपल्या आकड्यांवर ठामपणे उभी राहतात.

प्रत्येक लाइनसाठी विभागात एक वही आहे. त्यात स्थान, तारीख, आलेख, विहिरीचा छेद, आमचं मॉडेल, आणि शेवटचा रकाना 'बोअर' असा, जो कॅम्पच्या वेळी रिकामाच असतो. शेतकऱ्याला दिलेल्या एका पानाच्या अहवालासोबत आम्ही तीस-चाळीस छोट्या पिशव्या देतो आणि सांगतो, बोअर घेतलीत तर दर दहा फुटांना निघणारा चुरा एकेका पिशवीत भरून वर फूट लिहा. पुढच्या वर्षीचा गट त्या गावात आधी या पिशव्या गोळा करायला जातो. चुरा धुवून, भिंगाखाली पाहून मांजऱ्या की पाषाण ते ठरवायचं, खोली मीटरमध्ये बदलायची आणि आदल्या वर्षीच्या मॉडेलशेजारी लिहायची. कुठं चुकलो तेही त्याच ओळीत, लाल शाईनं. नव्या गटाची पहिली तार त्यानंतर ओढली जाते.